दार उघडण्याची विद्या आणि दारामागचे घर

आमच्या वाड्यातील एक पदवीधर तरुण गेल्या वर्षी आयुर्विम्याचा प्रतिनिधी झाला. धंद्यातील एका वडीलधाऱ्याने त्याला एक इंग्रजी पुस्तक दिले होते. ते त्याने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, तुम्ही वकील आहात. यात काही खोट आहे का, तेवढे सांगा." फ्रँक बेट्गर ह्या अमेरिकन विमाविक्रेत्याचे 'हाऊ आय रेज्ड मायसेल्फ फ्रॉम फेल्युअर टु सक्सेस इन सेलिंग' हे ते पुस्तक. १९४० ते १९५० या दशकाच्या उत्तरार्धात निघालेले हे पुस्तक विक्रेत्यांच्या हातांत आजही फिरते आहे. तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देण्याजोगे नव्हते, म्हणून हा लेखनप्रपंच.

बेट्गर मूळचा बेसबॉलचा खेळाडू. १९१० साली तो सेंट लुईसच्या संघातून खेळला. पुढे हाताला इजा होऊन खेळ सुटला. फिलाडेल्फियास परतल्यावर हप्त्याने फर्निचर विकणाऱ्या एका दुकानाची वसुली त्याने सायकलवरून दोन वर्षे केली. नंतर तो आयुर्विम्याकडे वळला आणि दहा महिन्यांत पुरता हरला. आपले सामान आवरण्यास कचेरीत गेला असता कंपनीच्या अध्यक्षांचे भाषण त्याच्या कानी पडले. त्याचा इत्यर्थ असा की, हा धंदा अखेर माणसांना भेटण्याचा आहे. रोज चार-पाच जणांपुढे आपले म्हणणे कळकळीने मांडणारा मनुष्य बेताच्या कुवतीचा असला तरी यशस्वी झाल्यावाचून राहत नाही. ह्या एका वाक्याने बेट्गरचे आयुष्य पालटले.

मग त्याने हिशेब मांडला. एका वर्षात १,८४९ भेटींस तो निघाला. ८२८ जणांशी प्रत्यक्ष बोलणे झाले. ६५ विमे उतरले. पैकी ७० टक्के पहिल्याच भेटीत, २३ टक्के दुसऱ्या भेटीत आणि उरलेले ७ टक्के त्यानंतर. ह्या सात टक्क्यांपायी आपला निम्मा वेळ जातो हे ध्यानी येताच दोन भेटींपलीकडे कोणाच्या मागे लागावयाचे नाही, असे त्याने ठरविले. गिऱ्हाईक हेरण्याच्या कलेला त्याने असे शास्त्राचे रूप दिले.

पुस्तकाचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत. लेखक आपली भीती लपवीत नाही. फार बोलण्याच्या खोडीने किती विमे हातचे गेले, हेही तो मोकळेपणी सांगतो. समोरच्याचे ऐकावे, प्रश्न विचारावे, त्याची गरज ओळखावी, ही शिकवण सच्ची आहे. बेंजामिन फ्रँकलिनच्या धर्तीवर तेरा गुण निवडून एकेका आठवड्यास एकेकाची उपासना करण्याचा त्याचा नेम तर आपल्याकडील व्रतस्थ माणसासही आवडेल. विमा विकणे म्हणजे गळ्यात काही बांधणे नव्हे, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

परंतु हे पुस्तक आपल्या गावी आणले की पहिली अडचण दारापाशीच येते. बेट्गरची दारे बहुतांशी कचेऱ्यांची. तेथे दोघेही व्यवहारी, दोघांच्याही हातांत घड्याळ. शिवाय आधी भेटीची वेळ मिळवावी, मग विम्याचे बोलावे, असे तो स्वतःच बजावतो. आपल्याकडील विमा-प्रतिनिधी येतो तो घरी, दिवेलागणीस, बहुधा कोणा आप्ताचे नाव सांगत. माधुकरी मागणारा विद्यार्थी, वासुदेव, पंचांग सांगणारा जोशी यांना ज्या उंबरठ्याने कधी विन्मुख धाडले नाही, त्याच उंबरठ्यावर तो उभा असतो. त्याला पाट मिळतो, चहा मिळतो. आणि चहा घेऊन गेलेल्या पाहुण्याला नकार देणे यजमानास जड जाते. मग "त्याचा मान राखायचा" म्हणून सही होते. कचेरीत नकार देणे सोपे, घरात अवघड. ह्या अवघडलेपणाचा हिशेब बेट्गरच्या वहीत नाही.

दुसरी उणीव याहून मोठी. वही ६५ ह्या आकड्यापाशी मिटते. त्या पासष्ट घरांत पुढे मृत्यू आला तेव्हा काय घडले, किती पॉलिसी मध्येच बंद पडल्या, किती दावे नाकारले गेले, हे ह्या गणितातून कळत नाही. विक्रेत्याचा हिशेब सहीपाशी संपतो. वकिलाचा तेथून सुरू होतो.

विम्याचा करार परम सद्भावाचा मानला आहे. विमा उतरविणाऱ्याने आपल्या प्रकृतीची सर्व महत्त्वाची हकीगत सांगितली पाहिजे. पण अर्ज भरतो कोण? बहुधा प्रतिनिधीच. १९२९ साली मोटार-विम्याच्या एका खटल्यात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ठरविले की, अर्जातील उत्तरे एजंटाने लिहिली, तर त्या कामापुरता तो अर्जदाराचा हस्तक होय. त्याला ठाऊक असलेले सत्य कंपनीला ठाऊक होते असे धरता येत नाही. आपल्याकडे १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात विमेदाराने हप्त्याचा धनादेश एजंटाच्या हाती दिला. एजंटाने तो वटविला, पण रक्कम आयुर्विमा महामंडळाकडे उशिरा भरली. मधल्या काळात विमेदार अपघातात गेला. हप्ते गोळा करण्याचा अधिकार एजंटास नियमांनी दिलेलाच नव्हता, म्हणून पॉलिसीखाली महामंडळ बांधले गेले नाही, असा निर्णय झाला. तात्पर्य, दारात येताना तो विमासंस्थेचा. लेखणी हाती घेताच तो आपला. आणि पैसे घेताना कायद्याच्या दृष्टीने तो संस्थेचा नव्हेच.

हे निव्वळ पुस्तकी पांडित्य नव्हे. काही वर्षांपूर्वी एक विधवा बाई माझ्याकडे विम्याचे कागद घेऊन आल्या. यजमानांना मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या. घरी आलेल्या प्रतिनिधीने त्या पाहिल्या होत्या, "एवढे लिहावे लागत नाही" असेही तो म्हणाला होता. अर्ज इंग्रजीत, सही मराठीत; मजकूर समजावून सांगितल्याचे खालचे निवेदन त्यानेच भरलेले. दुसऱ्या वर्षी यजमान वारले. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या ४५ व्या कलमाप्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. येथे ती मुदत पुरी झाली नव्हती. भरलेले हप्ते परत मिळाले, विम्याची रक्कम मिळाली नाही. बाईंनी मला एकच विचारले, "तो तर आमच्या घरचाच होता ना?" ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

म्हणून माझा अभिप्राय असा. बेट्गरचे पुस्तक उद्योगी माणसाचे प्रामाणिक आत्मकथन आहे. ते अवश्य वाचावे. मात्र धंद्याचे संपूर्ण शास्त्र म्हणून ते अपुरे आहे. त्या तरुणाला मी पुस्तक परत करताना म्हटले, "बाबा रे, दोन भेटींचा नियम विक्रीपुरता ठेव. सहीनंतर तिसऱ्यांदा अवश्य जा. भरलेला अर्ज मराठीत वा कोकणीत वाचून दाखव, औषधांची नावे घरच्या बाईमाणसांनाही विचार, हप्ता संस्थेतच भरावयास सांग आणि पावती पाहून ये. पॉलिसी मिळाल्यापासून ती परत करण्यास २०२४ च्या नियमांनी तीस दिवस दिले आहेत, हेही त्याच वेळी सांग."

त्याने विचारले, "काका, तीस दिवसांचे सांगितले तर काहीजण परत करतील."

"करतील," मी म्हणालो. "तेवढे तुझ्या वहीत वजा लिही."