डाख देणें आणि डाख सोडविणें

जुन्या ॲम्प्लिफायरांच्या दुरुस्तीवर जें मार्गदर्शनपर लेखन होतें, तें आम्ही आस्थेनें वाचतों. पण त्यांतील एक उणीव आम्हांस सतत खटकते. सोल्डरिंग करावें कसें, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेंत डाख द्यावा कसा, याचें वर्णन पानेंच्या पानें येतें. तोच डाख सोडवावा कसा, हें मात्र एका वाक्यांत उरकतें. 'जुना भाग काढून घ्यावा' एवढें लिहून लेखक मोकळा होतो! वस्तुतः यंत्राचें बरेंवाईट तेथेंच ठरतें.

डाख नीट बसला नाहीं, तर तो पुन्हा देतां येतो. सोडवितांना घाई झाली, तर तांबेंच उखडतें. सर्किट-बोर्डावरील तांब्याचा पातळ पत्रा केवळ चिकटविलेला असतो. ३५० अंशांच्या तापल्या टोकाखालीं त्याची पकड सुटते. दोन्ही बाजूंनीं तांबें असलेल्या बोर्डावर भोकालाहि आंतून तांब्याचा मुलामा असतो. डाख पुरता वितळण्यापूर्वीं पाय ओढला, कीं तो मुलामा पायाबरोबर बाहेर येतो. म्हणून जुन्या डाखावर आधीं राळेसह थोडा नवा डाख द्यावा. काढावयाच्या ठिकाणीं आणखी घालावयाचें, हें नवख्यास विपरीत वाटेल. परंतु गंजलेला पृष्ठभाग उष्णता घेत नाहीं, ओला ताजा डाख ती आंत पोंचवितो. मग पंपानें शोषावा, किंवा तांब्याच्या वेणीनें टिपून घ्यावा. कथील-शिशाचा डाख १८३ अंशांस वितळूं लागतो. युरोपांत २००६ सालीं शिशावर निर्बंध आल्यावर रूढ झालेला कथील-चांदी-तांब्याचा डाख सुमारें २१७ अंशांस. नव्या यंत्रांत हा फरक हातास जाणवतो.

सरसकट सगळे कपॅसिटर बदलण्याची हौस आम्हांस म्हणूनच मान्य नाहीं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर कालांतरानें सुकतात, हें खरें; फिल्मचे तसे सुकत नाहींत. साठ बदलावयाचे म्हणजे एकशेंवीस पाय सोडवावयाचे, आणि तितक्याच वेळां तांबें धोक्यांत घालावयाचें. आधीं मोजावें, मग हात घालावा.

पुष्कळदां दोष कपॅसिटरांत नसतोच. एका बाजूचा आवाज मधूनच जातो, बोट लागतांच परत येतो. अशा वेळीं तापणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या किंवा स्पीकरच्या जोडणीच्या पायांकडे भिंगानें पहावें. पायाभोंवतीं केसाएवढी वर्तुळाकार भेग दिसली, तर राळ लावून ताजा डाख द्यावा. कांहींच बदलावें लागत नाहीं.