शिकारीचा छंद आणि पश्चात्तापाची गोष्ट

सालीम अलींची एक गोष्ट आपल्या शाळांतून फार सांगितली जाते. लहानग्या सालीमने एअरगनने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून त्याचे मन द्रवले, आणि त्या दिवसापासून तो पक्ष्यांचा मित्र झाला. येथे बमरोलीस, मागावर काम करणाऱ्या खानदेशी कुटुंबांच्या मुलांपुढेही ती याच रूपाने येते. गोष्ट सुबक आहे. मात्र १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या आत्मचरित्रात ती अशी नाही.

तेथे आहे ते मुंबईच्या खेतवाडीतील एक शिकारीची हौस असलेले घर. पोरक्या भाच्यास वाढविणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी. मुलांनी चिमण्या टिपाव्यात आणि त्या खाव्यात, यात त्या घरास वावगे काहीच वाटत नव्हते. पिवळ्या ठिपक्याची चिमणी हाती येताच मुलास करुणा नव्हे, शंका आली : हा पक्षी खाण्यास धर्माने चालेल काय? मामांनी त्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांजकडे धाडले. शंकेतून कुतूहल निघाले, कुतूहलातून शास्त्र. बंदूक मात्र सुटली नाही. पक्षी मारताना मन कधी बोचते हे लेखक लपवीत नाही. पण नमुने गोळा केल्यावाचून पक्ष्यांचे वर्गीकरण पुढे गेले नसते, हेही तो तितक्याच स्वच्छपणे सांगतो.

मग आपण त्यास पश्चात्ताप का करावयास लावतो? आमच्या मते याचे मूळ वाङ्मयीन संस्कारात आहे. क्रौंचवधाची कथा आपल्या रक्तात भिनलेली. त्यात वाल्या कोळ्याची भर. शिकारी दिसला की त्याचा वाल्मीकी झाल्याखेरीज आपणांस चैन पडत नाही.

बदकांच्या शिकारीपाशी तर हा साचा अगदीच अपुरा पडतो. वाघाच्या शिकारीत नाट्य असते; बदकांच्या शिकारीत असते ती सवय. पहाटेची थंडी, दलदलीतले बसणे, थव्याची दिशा, पंखांच्या आवाजावरून जात ओळखणे. हे सारे वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसूनच मुलगा शिकतो. म्हणूनच हा छंद घराण्यातून चालत येतो. आपली पक्षिनामेच पाहा. थापट्या, नकटा, तलवार बदक : पक्षी हातात घेऊन किंवा पाण्यावर नीट न्याहाळून पाहणाऱ्यांनीच ही नावे ठेविली असावीत. कवींनी चक्रवाकास रात्रीच्या विरहात ठेविले. शिकाऱ्यास तोच पक्षी अतिसावध पहारेकरी म्हणून ठाऊक, जो ओरडून सारे तळे उठवितो. दोन्ही दृष्टी खऱ्या, परंतु दुसरी आपल्या पाठ्यपुस्तकांत शिरलीच नाही.

भरतपूरचे केवलादेव हे याचे अवघड उदाहरण. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आकडा वाचून अंगावर काटा येतो, यावाही. तथापि ती दलदल राखली गेली तीच राजघराण्याच्या या छंदासाठी. आणि स्वातंत्र्यानंतर ती शेतीसाठी मोकळी करण्याची मागणी झाली तेव्हा तिच्या बाजूने उभे राहिले सालीम अलीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा छंद संपला, ते योग्यच झाले. १९८५ साली, या आत्मचरित्राच्याच वर्षी, केवलादेव जागतिक वारसास्थळ ठरले.

मराठीत ही निर्विकार नजर कोणापाशी आहे? व्यंकटेश माडगूळकरांपाशी. तेही शिकारी होते. 'सत्तांतरा'त वानरांच्या टोळीतील पिलांचा वध येतो, पण लेखक कोठे उमाळा येऊ देत नाही, निवाडाही देत नाही. वर्गात चिमणीची गोष्ट सांगावयाची तर तिच्याबरोबर 'सत्तांतरा'तील चार पाने वाचावीत, आणि खाण्याविषयीची ती शंका गाळू नये. मुलांना हसू येईल. पुस्तक वाचताना आम्हांसही आले होते.