मानव संसाधन व्यवस्थापनाचा ऐतिहासिक विकास : एक चिकित्सा
(विशेष संदर्भ : दिघी आणि पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्टा)

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखेच्या पाठ्यपुस्तकांत मानव संसाधन व्यवस्थापनाचा इतिहास ठरावीक साच्यात मांडला जातो. रॉबर्ट ओवेनचे कल्याणकारी प्रयोग, फ्रेडरिक टेलरचे शास्त्रीय व्यवस्थापन, हॉथॉर्न येथील अभ्यासातून पुढे आलेला मानवी संबंधांचा विचार, त्यानंतर कर्मचारी व्यवस्थापन आणि शेवटी मानव संसाधन व्यवस्थापन असा हा क्रम आहे. विद्यार्थी तो पाठ करतात आणि प्राध्यापक तो तपासतात. या मांडणीतील तपशील चुकीचे नाहीत. परंतु तिच्यामागे दोन गृहीतके आहेत. एक म्हणजे हा विकास प्रामुख्याने व्यवस्थापकांच्या विचारातून घडला आणि दुसरे म्हणजे एक टप्पा संपल्यावर दुसरा सुरू झाला. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासावर ही दोन्ही गृहीतके तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कल्याणाचा आरंभ कोठून?

मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी पहिला आयोग 1875 मध्ये नेमला गेला आणि 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. सप्टेंबर 1884 मध्ये सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांवर मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातात जायबंदी झालेल्यास साहाय्य या मागण्यांच्या निवेदनावर सुमारे 5,500 कामगारांच्या सह्या होत्या. 1890 मध्ये गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली आणि 1891 च्या कायद्यात तिला स्थान मिळाले. कामाचे तास, विश्रांती, वेतन आणि सुरक्षितता हे आज मानव संसाधन विभागाचे विषय समजले जातात. त्यांची यादी प्रथम कामगारांनीच लिहिली होती, याची नोंद पाठ्यपुस्तकात क्वचितच आढळते.

मालकांच्या पुढाकाराची उदाहरणे नाहीत असे नव्हे. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटा यांनी 1886 मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि 1895 मध्ये अपघात भरपाईची योजना सुरू केली. हे कार्य निःसंशय दूरदर्शी होते. तथापि एका गिरणीचे औदार्य सर्व गिरण्यांचा नियम होण्यासाठी 1923 चा कामगार भरपाई कायदा आणि 1952 चा भविष्यनिर्वाह निधी कायदा व्हावा लागला. औदार्य आणि अधिकार यांतील हे अंतर इतिहास सांगताना पुसले जाऊ नये.

जॉबरपासून कामगार अधिकाऱ्यापर्यंत

भरती हे मानव संसाधन विभागाचे पहिले कार्य मानले जाते. मुंबईच्या गिरण्यांत ते जॉबर किंवा मुकादमाच्या हाती होते. काम देणे, बदली कामगार घेणे, काढून टाकणे या सर्वांत त्याचा अधिकार चाले आणि त्याबदली दस्तुरीही घेतली जाई. 1929 मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने 1931 च्या अहवालात ही पद्धत मोडून भरतीसाठी स्वतंत्र कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 49 नुसार 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले. म्हणजे भारतात कर्मचारी व्यवस्थापनाचा व्यवसाय बाजारपेठेच्या गरजेइतकाच कायद्याच्या आदेशाने उभा राहिला. त्यासाठी लागणारे शिक्षणही, 1936 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी, समाजकार्याच्या अंगाने सुरू झाले.

1970 च्या दशकाच्या मध्यास लार्सन अँड टुब्रो कंपनीत उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांच्या मार्गदर्शनाखाली मनुष्यबळ विकासाची स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. कार्यमूल्यमापन, समुपदेशन, प्रशिक्षण आणि कारकिर्दीचे नियोजन यांना तिने एकत्र बांधले. या व्यवस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु याच काळात भाषाही बदलली. ‘कामगार’ हा शब्द मागे पडला, ‘कर्मचारी’ आला आणि पुढे ‘संसाधन’ रूढ झाले. कामगार बोलतो, मागतो, अडून बसतो. संसाधनाचा मात्र वापर होतो. संज्ञा बदलताना कर्त्याचे कर्म झाले, ही बाब केवळ भाषिक नाही.

दिघीतून दिसणारे चित्र

आळंदी रस्त्यावरील दिघी हे संरक्षण खात्याच्या आस्थापनांच्या शेजारचे आणि भोसरी औद्योगिक वसाहतीलगतचे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक कारखान्यापासून (1954) सुरू होऊन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींमार्गे चाकणपर्यंत पोहोचतो. 1989 मध्ये टेल्को कामगारांचे शनिवारवाड्यावरील उपोषण पोलिसी कारवाईने संपले. 2013 मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात सुमारे 50 दिवस काम बंद राहिले आणि त्या वेळी कामगारांच्या मागण्यांत कंपनीचे समभाग सवलतीत मिळावेत ही मागणीही होती. स्वतःला संसाधन न समजता भागीदार समजणाऱ्या कामगाराची ही भाषा होती.

या पट्ट्यात पाठ्यपुस्तकातील टप्पे एकामागून एक येत नाहीत, ते एकाच पाळीत शेजारी उभे असतात. कायम कामगाराला करार, पदोन्नती आणि प्रशिक्षण असते. त्याच्यासाठी मानव संसाधन व्यवस्थापन आहे. कंत्राटी कामगाराची भरती, हजेरी आणि पगार ठेकेदाराकडे असतो; त्याच्यासाठी जॉबर नव्या नावाने परतला आहे. शिकाऊ उमेदवार या दोहोंच्या मध्ये आहे. तेव्हा इतिहासाची रेषा सरळ चढत गेली, असे म्हणणे या कारखान्यांच्या फाटकापाशी टिकत नाही.

समारोप

2019 आणि 2020 मध्ये संमत झालेल्या चार कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या. कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारसंख्येची मर्यादा 500 वरून 250 वर आणली गेली, तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 वरून 50 वर गेली. एक दार रुंद झाले आणि दुसरे अरुंद. यांचा अर्थ लावण्यासाठी विद्यार्थ्याला टप्प्यांची यादी पुरणार नाही. प्रत्येक टप्पा कोणी मागितला, कोणी दिला आणि कोण त्याबाहेर राहिले, हे तीन प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत.

या परिसरातील महाविद्यालयांत हा विषय शिकणाऱ्यांपैकी अनेकांचे पालक याच कारखान्यांत कामाला आहेत. उद्या यांतील काही विद्यार्थी मानव संसाधन विभागाच्या टेबलामागे बसतील आणि त्यांच्यासमोर त्यांच्याच घरासारख्या घरातून आलेला माणूस उभा असेल. त्या माणसाकडे संसाधन म्हणून पाहावे की लोखंड्यांच्या निवेदनावर सही करणाऱ्याचा वारस म्हणून, याचे उत्तर आपण वर्गात कोणता इतिहास शिकवतो यावर काही अंशी तरी अवलंबून आहे.