जोतीरावांचें हंटर कमिशनपुढील निवेदन

कांहीं लिखाणें अशीं असतात कीं, तीं वाचण्यापेक्षां त्यांची साक्ष काढण्यासाठींच लोक त्यांजकडे वळतात. जोतीराव फुले यांनीं १९ ऑक्टोबर १८८२ रोजीं हंटर कमिशनपुढें सादर केलेलें इंग्रजी निवेदन या वर्गांतलें आहे. उच्च शिक्षणावर सरकारनें पैसा कां खर्चावा, असा प्रश्न निघाला म्हणजे त्यांतील एक आक्षेप हटकून पुढें केला जातो. सरकारचा वसूल रयतेच्या घामाचा, आणि त्यावर शिकणार वरच्या वर्गांचीं मुलें. हा न्याय कोठला? आक्षेप बिनतोड आहे. परंतु तेवढ्यावर थांबणारांनीं जोतीरावांस अर्धेंच वाचलें, असें आम्हांस म्हणणें भाग आहे.

प्राथमिक शिक्षणाची हेळसांड झाली, हें बजावून झाल्यावर ते लागलीच सांगतात कीं, उच्च शिक्षणाचें साहाय्य सरकारनें इतक्यांत काढून घ्यावें, असें देशाच्या हितचिंतकास कधींच वाटणार नाहीं. लेखणीवर जगणाऱ्या वरिष्ठ व सधन वर्गांपुरतें तें हळूहळू आखडतां येईल. पण मधल्या व खालच्या वर्गांत विद्येचा शिरकाव अद्याप व्हावयाचा आहे, तेथें तें काढणें म्हणजे मोठा जाच होय. शिष्यवृत्त्यांविषयींही त्यांचें म्हणणें असेंच आहे. केवळ चढाओढीनें त्या दिल्यास दिसावयास समन्याय, पण मागें राहिलेल्यांच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. सारांश, त्यांची तक्रार खर्चाविरुद्ध नसून वांटणीविरुद्ध आहे.

आम्ही हें निवेदन ठाणें-कल्याणच्या पट्ट्यांत बसून वाचतों, म्हणून त्याची धार आम्हांस अधिक जाणवते. १८५४ सालीं आगगाडी ठाण्याहून कल्याणास पोंचली, आणि त्याच सालच्या वुडच्या खलित्यानें खासगी शिक्षणसंस्थांस सरकारी अनुदान देण्याचें धोरण आंखलें. आगगाडीच्या कंपनीस भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी सरकारनें दिली होती; तिचा भार अखेर रयतेच्याच वसुलावर पडला. त्या रयतेपैकीं त्या काळीं गाडींत बसून कॉलेजांत गेलेले कितीसे? आज कसाऱ्याकडून व बदलापुराकडून सकाळच्या गाडीनें जीं मुलें कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयांत किंवा ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयांत येतात, त्यांत आपल्या घराण्यांत कॉलेजची पायरी प्रथमच चढणारीं आहेत. ज्यांच्यासाठीं जोतीराव भांडले, तीं आतां कोठें दाराशीं आलीं.

आणि नेमक्या याच काळांत दार आखडत गेलें. १९८३ पासून महाराष्ट्रांत विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयें निघालीं; २००१ सालीं ‘कायम विनाअनुदान’ हें धोरण आलें; आणि २०२४ सालीं डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयाचें अनुदानित स्वरूप टिकावें म्हणून आंदोलन करण्याची वेळ आली. राष्ट्रीय उत्पन्नाचा शेंकडा सहा भाग शिक्षणास द्यावा, असें कोठारी आयोगानें १९६६ सालीं सांगितलें. २०२० च्या शैक्षणिक धोरणांत तोच आंकडा पुन्हा लिहावा लागला, यांतच सर्व आलें. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींस व्यावसायिक शिक्षणाची फी २०२४ सालीं माफ झाली, हें योग्यच झालें. तथापि फीमाफीनें आजची विद्यार्थिनी शिकते. कॉलेज व त्यांतील अध्यापक उद्यांच्या मुलांसाठीं टिकतात ते अनुदानानें.

निवेदनांत एक उणीव मात्र आम्हांस दिसते. लेखणीवर जगणारा तो सधन, असें त्यांत गृहीत धरलेलें आहे. डोंबिवलीचा कारकून लेखणीवरच जगला. पण तो सधन नव्हता, आणि त्याचीं मुलें अनुदानित कॉलेजांच्या माफक फीवर शिकलीं. तीं आतां स्थिरस्थावर झालीं. त्यांच्यापैकींच कांहीं ‘ज्यानें त्यानें आपापलें पाहावें’ असें म्हणूं लागले आहेत, ही गोष्ट आम्हांस सरकारच्या हात आखडण्याहूनही अधिक खेदाची वाटते. ऋषिऋण अध्ययनानें फिटतें, असें आपली परंपरा सांगते. ही परिभाषा जोतीरावांस रुचली नसती. पण हिशेब त्यांनींही मान्य केला असता. ज्यांच्या करावर आपण शिकलों, त्यांस आतां कांहीं देतां येत नाहीं. द्यावयाचें तें कसाऱ्याच्या गाडींतून येणाऱ्या मुलास. निवेदनाची साक्ष काढणारांनीं तें शेवटपर्यंत वाचावें, एवढीच आमची विनंती आहे.