स्तोत्र १३७ : अखेरच्या ओळीतील आसरा

जमिनीच्या वादातून सख्ख्या भावाशी वितुष्ट आलेल्या एका भगिनीने मला विचारले, "फादर, मनःशांतीसाठी स्तोत्रे वाचा, असे आपण सांगता. मी एकशे सदतिसावे स्तोत्र वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. अशा प्रार्थनेत आसरा कसा शोधायचा?"

प्रश्न रास्त होता. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांच्या विलापाने सुरू होणारे हे स्तोत्र शत्रूची अर्भके खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणून संपते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या दैनिक प्रार्थनाविधीतून या ओळी वगळण्यात आल्या. सामुदायिक प्रार्थनेसाठी ते उचितही असेल. परंतु घरी बायबल उघडणाऱ्या भाविकासमोर त्या उभ्याच राहतात.

तिसऱ्या शतकात ओरिजेनने या ओळींचा प्रतीकात्मक अर्थ लावला. बाबेल म्हणजे गोंधळ आणि तिची अर्भके म्हणजे अंतःकरणात नुकतेच उपजलेले दुष्ट विचार. संत ऑगस्टीनने खडकात ख्रिस्त पाहिला; संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तसा आधार आहेच. वासना कोवळी असतानाच तिला या खडकावर आपटावे, हा त्याचा आशय. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठनियमात हाच अर्थ स्वीकारला. ऑगस्टीनच्या दृष्टीने हा निव्वळ बुद्धिविलास नव्हता. जुन्या कराराच्या शब्दशः अर्थाला अडखळलेला हा अध्यापक मिलान येथे संत अँब्रोजची प्रवचने ऐकून सावरला आणि ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला.

तथापि या वाचनात एक धोका संभवतो. प्रतीकाच्या ओघात खरे अश्रू पुसले जातात. इ. स. पूर्व सहाव्या शतकात यरुशलेम खरोखरच जळाले, खरीखुरी माणसे हद्दपार झाली. पवित्र शास्त्राचे सर्व अर्थ शब्दार्थावर आधारलेले असतात, हे संत थॉमस अक्वायनस यांचे मत १९९२च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाने पुन्हा अधोरेखित केले आहे. म्हणून आधी तो संताप संताप म्हणूनच ऐकला पाहिजे. येथे बंदिवान आपला सूड देवासमोर बोलून दाखवतो. मनातले काळेबेरे त्याच्यापासून लपवीत नाही. ही प्रामाणिकता हाच आसऱ्याचा उंबरठा होय. तो ओलांडल्यावर ओरिजेनचा प्रश्न आपल्याला भिडतो : माझ्या मनाच्या पाळण्यात मी कोणते अर्भक जोजवीत आहे?

त्या भगिनीला मी स्तोत्र पुन्हा, अखेरच्या ओळीपर्यंत, वाचावयास सांगितले. वाचून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग हलकेच म्हणाली, "फादर, माझे अर्भक तर आता चालू लागले आहे."

वाचकहो, खडक मात्र अजूनही जागचा हललेला नाही.