बोटे कुणी मोजायची?

मराठी साहित्यात कामगार आला तो गिरणीच्या भोंग्याबरोबर. शाहीर अमर शेख यांची शाहिरी, नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) यांचे ऋण आम्ही मानतो. 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९) लिहिणारे बाबूराव बागूल तर आमच्या नाशिकचे. तरीही विचारावेसे वाटते, सातपूर-अंबडच्या पत्र्याच्या शेडमधला प्रेस ऑपरेटर आमच्या साहित्यात कोठे आहे?

गिरणीत एका छपराखाली हजारो हात होते. युनियन होती, १९८२चा संप झाला; कवीला समूह मिळाला. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये सात-आठ जण. पत्रा हाताने डायवर ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचे. दोन्ही हातांनी बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालू नये, अशी सोय करता येते. पण माल लवकर निघावा म्हणून कुठे कुठे एक बटण दाबूनच बांधून ठेवतात. लय चुकली की बोट गेले. त्यासाठी मोर्चा निघत नाही, म्हणून गाणेही नाही.

कायदाही माणसे मोजूनच आत येतो. १९४८च्या कारखाने अधिनियमात विजेवरच्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट होती; २०२०च्या संहितेने ती २० केली. मात्र १९२३चा भरपाईचा कायदा एका बाबतीत कवींच्या पुढे होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, तर्जनी १४, मधले बोट १२, करंगळी ७, असा तक्ताच त्यात होता. रुक्ष खरा, पण त्याने बोटांना नावाने ओळखले.

उर्दूत अली सरदार जाफरी यांची 'हाथों का तराना' ही नज्म हातांची इज्जत करायला शिकवते. ती आम्हांला प्रिय आहे. पण प्रतीकाचा हात मशीनमध्ये सापडत नाही. आमच्या शाळेतून दहावीनंतर वर्कशॉपला जाणाऱ्या मुलाचा सापडू शकतो.

१९९०च्या सोलापूर संमेलनापासून आम्ही अस्मिता, दंगल, तलाक यांवर पुष्कळ लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण आमच्या मोहल्ल्यातली रोजीरोटी ज्या हातांवर चालते, त्यांच्याकडे समीक्षेने पाहिले नाही आणि लेखकांकडून तशी मागणीही केली नाही. ती मागणी आम्ही येथे करतो. 'श्रमाचे गाणे' तूर्त राहू द्या. कोणते बोट गेले, कितव्या पाळीत, मशीनला गार्ड होता की काढून ठेवला होता, दवाखान्याचे पैसे कुणी दिले, एवढे नेमके लिहा. कथा तेथूनच सुरू होईल.