‘कृपया मार्गदर्शन करावे’ : या मेसेजला उत्तर का येत नाही?

देवनारला पीएचडी सुरू केल्यापासून लिंक्डइनवर मला असे मेसेज येतात: ‘नमस्कार मॅडम, तुमचं प्रोफाइल प्रेरणादायी आहे. मला संशोधनाची खूप आवड आहे. कृपया मार्गदर्शन करावे.’ मेसेज नम्र असतो. तरी उत्तर काय द्यायचं, हे कळत नाही.

एमएला असताना मीही एका प्राध्यापकांना असंच लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. वाटलं, आपलं इंग्रजी कच्चं, वशिला नाही, म्हणून असेल. आज तो मेसेज वाचला की खरी चूक दिसते. त्यातलं एकेक वाक्य कुणीही कुणालाही पाठवू शकलं असतं. ‘प्रेरणादायी’ म्हटलं, पण त्यांचं काय वाचलं ते सांगितलं नाही. ‘मार्गदर्शन’ म्हणून विषय शोधण्यापासूनचं सगळं काम त्यांच्याच गळ्यात टाकलं. इंटरनेटवरचे तयार नमुने इथेच फसवतात. ते मायना सुधारतात, प्रश्न नाही.

आता इथलंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण देवनारच्याच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतं. समजा, तुम्हाला गोवंडी-मानखुर्दमधल्या मुलांच्या कुपोषणावर काम करायचंय. ‘सर, डेटा मिळेल का?’ असं विचारू नका. असं लिहून बघा:

‘नमस्कार सर. मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाचव्या फेरीचं (2019-21) मुंबई उपनगर जिल्ह्याचं तथ्यपत्रक वाचलं. त्यात आकडे जिल्ह्याचे आहेत, मला एम पूर्व वॉर्डाबद्दल लिहायचंय. वॉर्ड पातळीसाठी अंगणवाडीच्या नोंदी वापरणं योग्य ठरेल का?’

बघा, यात स्तुती नाही. आपण कुठपर्यंत वाचलं आणि कुठे अडलो, एवढंच आहे. समोरचा माणूस दोन ओळींत उत्तर देऊ शकतो. ‘माझे गाइड व्हाल का?’ हा प्रश्न पहिल्याच मेसेजमध्ये नको.

एवढं करूनही उत्तर येईलच असं नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा, मग सोडून द्या. पण असा मेसेज लिहिण्यासाठी आधी तथ्यपत्रक वाचावं लागतं, म्हणजे संशोधनाला सुरुवात झालेलीच असते. ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक नाही, ज्यांची ओळख करून देणारं कुणी नाही, त्यांच्या हातात हीच एक गोष्ट पूर्णपणे असते. ती ‘प्रेरणादायी’ या शब्दावर वाया घालवू नका.